दोन बोटं डावीकडे

अण्णांच्या घरात तीन रायफली होत्या आणि तिन्हींच्या दुर्बिणींवर लाल नेलपॉलिशचे ठिपके होते. हे ठिपके म्हणजे त्या घरातली काळ्या दगडावरची रेघ. नेमबाजीच्या हंगामाच्या सुरुवातीला रेंज उघडली की अण्णा तिन्ही रायफली गाडीत घालायचे, रेंजवर जाऊन एकेक स्वतः लावायचे, दुर्बिणीच्या घुंड्यांवर टोपणं घट्ट फिरवायचे आणि आईच्या ड्रॉवरमधून उचललेल्या बाटलीने प्रत्येक टोपणाच्या कडेला एकेक ठिपका द्यायचे. ठिपका वाळला, विषय संपला. पुढच्या हंगामापर्यंत त्या टोपणाला कुणी बोट लावायचं नाही. आई म्हणायची, माझी नखं रंगवायला कधी सुचलं नाही या माणसाला, बंदुकींची बरी सुचतात.

आता हे ‘लावणं’ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रायफलीवर नुसती दुर्बीण बसवून भागत नाही. दुर्बिणीत एक उभी आणि एक आडवी रेघ असते, त्यांची फुली जिथे दिसेल तिथेच गोळी जायला हवी. गोळी काही आपण होऊन जात नाही. म्हणून कागदावर तीन गोळ्या मारायच्या, त्या कुठे बसल्या ते बघायचं आणि घुंड्या टकटक फिरवत गोळी फुलीवर आणायची. एक घुंडी वर-खाली, दुसरी डावी-उजवी. बस्स, एवढंच. पण एवढ्यासाठी माणसं सख्ख्या भावाशी अबोला धरतात, हेही खरं.

अण्णांचा धंदा लाद्या बसवण्याचा. आणि बसवणं म्हणजे काय बसवणं! आंघोळीच्या खोलीची अख्खी जमीन केसभर चढली म्हणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उखडून काढणारा हा माणूस. गिऱ्हाईक म्हणे, अहो राहू द्या, कुणाला दिसतंय? अण्णा म्हणायचे, मला दिसतंय ना, आणि छिन्नी उचलायचे. घराच्या किल्ल्या विसरतील, चष्मा विसरतील, पण पँटच्या खिशात पितळी ओळंबा आणि त्याची गुंडाळलेली दोरी नाही असं कधी व्हायचं नाही. आई त्यांची पँट धुवायला टाकताना आधी खिसा चाचपायची.

गंमत अशी, की जगातली प्रत्येक वस्तू ओळंब्यात बघणाऱ्या या माणसाची स्वतःची मान मात्र उजवीकडे कललेली होती. फार वर्षांपूर्वी शिडीवरून पडले होते, तेव्हापासून. फोटो काढणारा सांगून सांगून थकायचा, काका, मान जरा सरळ. अण्णा म्हणायचे सरळच आहे, तुमचा कॅमेरा वाकडा धरलाय. घरच्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणाला दिसेनासंच झालं होतं.

थोरला मुलगा गिऱ्हाइकांशी बोलायचा, मापं घ्यायचा. धाकटी लाद्या कापायची. धाकटी चाळिशीला टेकली होती, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, पण घरातली धाकटी ती धाकटीच राहते. रायफल तिघेही चालवायचे. अण्णांनी क्लबच्या संघातून इतकी वर्षं गाजवली होती, की जुने लोक अजूनही त्यांना बघून उठून उभे राहायचे. त्यांच्यानंतर थोरला संघात गेला. धाकटी मात्र दरवर्षी निवडीला उभी राहायची आणि दरवर्षी हात हलवत परत यायची. एकदा नाही, दोनदा नाही, ओळीने चार वर्षं.

कारण एकच. तिच्या गोळ्या डावीकडे जायच्या. दोन बोटं डावीकडे. आणि त्या का जायच्या हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी निकालाच्या फळ्यासमोर सगळा क्लब जमलेला असताना, कुणीतरी सहज विचारलं की यंदाही राहिलं का हो मुलीचं, तेव्हा अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हिचा हात हलतो. ट्रिगर दाबायचा असतो, ही झटकते.”

धाकटीला त्या क्षणी वाटलं की जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं. तिने रायफल पिशवीत घातली, चेन लावली आणि गाडीत जाऊन बसली. रस्ताभर थोरला हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. त्याचं तरी काय चुकलं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

त्या दिवसापासून तिने ध्यास घेतला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात चटई टाकून रिकामी रायफल घेऊन पडायची, नळीच्या टोकाला आईकडून एक नाणं ठेवून घ्यायची आणि ट्रिगर दाबायची. नाणं पडलं तर हात हलला. सुरुवातीला पडायचं, टणकन वाजायचं आणि आई भाजी चिरता चिरता म्हणायची, पडलं गं. मग पडेनासं झालं. मग आई नाणं ठेवायची आणि विसरून जायची, आणि धाकटी उठताना आठवण करायची, आई, नाणं काढ. हिवाळा संपेपर्यंत हे चाललं. अण्णा येता-जाता बघायचे आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे.

आणि यंदा निवडीच्या आदल्या दिवशी जेवताना अण्णांनी सांगून टाकलं. यंदा नाही झालं तर रायफल पुतणीला द्यायची. थोरल्याची मुलगी आता खेळायच्या वयाची झाली होती, तिला एक रायफल हवीच होती. धाकटीने मग बोर्डावर गुण लिहायला बसावं. “अक्षर चांगलं आहे तुझं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच तर जास्त लागलं तिला. ती घास चावत राहिली. रायफल गेली असती तर तिचं काय गेलं असतं? सबंध आठवडा लाद्यांच्या धुळीत काढल्यावर त्या चटईवर पडून श्वास सोडायचा आणि फुली काळ्या ठिपक्यावर स्थिर होताना बघायची, तेवढा वेळ ती कुणाची मुलगी नव्हती, बहीण नव्हती, धाकटी नव्हती. ते गेलं असतं.

निवडीच्या दिवशी वारा पडलेला होता. रेंजची लांबट शेड, वर पत्रा, खाली सिमेंट, एका ओळीत चटया. समोर शंभर मीटरवर लाकडी चौकटींवर कागद ताणून लावलेले. भिंतीला लागून एक बाक, त्याच्यावर थर्मास आणि लोकांच्या टोप्या. रेंजचा कारभार बघणाऱ्या गृहस्थांना सगळे शिट्टी म्हणायचे, कारण ते बोलायचे कमी आणि वाजवायचे जास्त. त्यांनी एकदा वाजवली की गोळीबार सुरू. दोनदा वाजवली की सगळ्यांनी रायफली उघड्या करून खाली ठेवायच्या, लाल झेंडा वर, मग कागदापाशी जायचं. निवडीआधी सगळ्यांना सरावाला थोडा वेळ मिळायचा, रायफल ठीक आहे ना एवढं बघायला.

शिट्टी वाजली. धाकटी पालथी पडली, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, दस्त्यावर गाल ठेवला. श्वास अर्धा सोडला. पहिली गोळी. दुसरी. तिसरी. तिला आतून पक्कं कळलं होतं, तिन्ही स्वच्छ गेल्या होत्या. शेजारच्या चटईवरच्या थोरल्याने तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून तिचा कागद बघितला आणि नुसती मान हलवली. मग तिने बघितलं. काळ्या ठिपक्याच्या डावीकडे, दोन बोटांवर, तीन भोकं एकमेकांना चिकटून बसली होती.

“आलं परत,” मागून अण्णा म्हणाले.

सगळा हिवाळा, ती चटई, ते नाणं, सगळं पाण्यात गेल्यासारखं झालं. तिने डोळा पुन्हा मोठ्या दुर्बिणीला लावला, उगाच, काही वेगळं दिसेल म्हणून. आणि बघता बघता तिला ते चिकटलेपण दिसायला लागलं. तीन गोळ्या एका बटणाखाली झाकल्या गेल्या असत्या. हात हलला असता तर एक इकडे गेली असती, एक तिकडे. या तिघी एकमेकींचा हात धरून गेल्या होत्या.

तेव्हा तिला लाद्या कापायचं यंत्र आठवलं. मागे एकदा गोदामात प्रत्येक लादी एका बाजूला किंचित अरुंद कापली जात होती. तिला वाटलं आपलंच चुकतंय, ती रडकुंडीला आली होती. अण्णा आले, चार लाद्या एकावर एक ठेवून बघितल्या आणि म्हणाले, माणसाचा हात चुकला तर दर वेळी वेगळा चुकतो. दर वेळी तेवढंच चुकत असेल तर स्वतःला दोष देत बसू नकोस, यंत्राची पट्टी बघ. लादी टेकवायची पट्टीच सरकली होती. हे तिला अण्णांनीच शिकवलं होतं, त्यांच्याच तोंडाने.

तिने खिशातून घराची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने बाजूच्या घुंडीच्या टोपणावरचा लाल ठिपका खरवडला.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. अगं, अगं, काय करतेस, असं तो कुजबुजला, जणू तिने एखाद्याच्या अंगावर हात टाकला होता. लाल पापुद्रा चटईवर पडला. तिने टोपण फिरवून काढलं आणि खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती घुंडी उघडी बघितली. तिच्या कडेला बारीक रेघा होत्या आणि वर उजवीकडे वळलेला एक बाण.

“ते बंद कर,” अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

“अण्णा, तीनही एका जागी आहेत. यंत्राच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं, दर वेळी तेवढंच चुकत असेल तर पट्टी बघ.”

“ते यंत्र होतं. ही मी लावली आहे. माझ्या हाताने. मधोमध.”

“तुमच्या हाताने मधोमध आहे,” ती म्हणाली. “माझ्या हाताने नाही. का, ते मला माहीत नाही.”

आजूबाजूच्या चटयांवरची माणसं दुर्बिणीत डोळे खुपसून सगळं ऐकत होती. मग अण्णा वळले, भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले आणि तिच्याकडे पाठ करता येत नव्हती म्हणून थर्मासकडे बघत राहिले. एवढी वर्षं त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी ब्र काढला नव्हता. पण आता ठिपका फुटला होता, मागे फिरायची सोय नव्हती.

घुंडी फिरवायची, पण कुठल्या बाजूला? घरात कुणी कधी शिकवलंच नव्हतं, शिकवायची वेळच आली नव्हती. गोळी डावीकडे जाते, म्हणजे फुली डावीकडे न्यायला हवी, असा तिने हिशेब केला आणि बाणाच्या उलट्या दिशेने टक, टक, टक अशी घुंडी फिरवली. आणखी एक गोळी मारली आणि बघितलं. झालं! चार बोटं डावीकडे. दुप्पट.

बाकावरून अण्णांचा ‘हं’ ऐकू आला. नुसता हं, पण त्यात सगळं आलं.

शिट्टींनी हाताने खूण केली, आता थोडाच वेळ उरलाय. धाकटीने डोळे मिटले आणि स्वतःलाच दटावलं, गोंधळू नकोस बाई, बाण कशाला काढलाय तिथे? बाण फुलीसाठी नव्हता, गोळीसाठी होता. बाणाच्या दिशेने फिरवलं की गोळी उजवीकडे सरकणार. तिने आधीचं सगळं उलटं फिरवून पहिल्या जागी आणलं आणि मग बाणाच्या दिशेने तेवढंच पुढे नेलं. टक टक आवाज बोटांना कळत होता. मग ती पडली, गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला.

गोळी सुटली. तिने मोठ्या दुर्बिणीकडे बघितलंच नाही. आधी दुसरी मारली, मग तिसरी, आणि मग थोरल्याकडे बघितलं.

थोरला दुर्बिणीवरून हलेना. “मधोमध,” तो म्हणाला आणि पुन्हा म्हणाला, “अगं, मधोमध.”

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, तिने टोपण बसवलं आणि हाताचा घाम पँटला पुसला. शिट्टी दोनदा वाजली, लाल झेंडा वर गेला, रेंजवरची मुलं नवे कागद लावून आली. निवड सुरू झाली.

पुढचं सांगायला फारसं नाही, कारण चांगली नेमबाजी बघायला तशी कंटाळवाणी असते. कुणी पळत नाही, कुणी पडत नाही. एक बाई चटईवर पालथी पडून काही वेळाने एक गोळी मारते, परत पडून राहते, परत मारते. पण त्या बाईच्या आत काय चाललंय ते दिसत असतं तर लोकांनी खुर्च्या टाकून बघितलं असतं. तिला प्रत्येक गोळी सुटण्याआधीच कळत होती. नळीच्या टोकावर आईचं नाणं आहे असं ती मनाशी धरून होती आणि ते नाणं पडत नव्हतं. इतकी वर्षं तिने स्वतःच्या हाताशी भांडण केलं होतं, त्याला रागावली होती, लाजली होती, आणि तो बिचारा हात सगळा वेळ नीट वागत होता. हे एकदम लक्षात आलं आणि तिचे डोळे भरून आले, तेव्हा ती थांबली, डोळा पुसला आणि मग पुढची मारली. तीही मधोमध गेली.

शिट्टींनी कागद गोळा केले, तपासले आणि फळ्यावर नावं लिहिली. संघ चार जणांचा. सगळ्यात वर धाकटीचं नाव होतं. थोरला तिसरा. पहिल्या दोघांच्या गुणांतलं अंतर बघून दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, जो एरवी कुणाचं कौतुक करायचा नाही, तिच्याजवळ आला आणि हात मिळवून गेला. थोरल्याने तिला कडकडून मिठी मारली, इतकी की तिचा चष्मा वाकडा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. तिने वळून बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता.

अण्णा तिच्या चटईपाशी उभे होते. निवड संपली होती, रेंज सरावासाठी मोकळी होती.

“बघू,” ते म्हणाले, आणि गुडघे कुरकुरत खाली बसले, मग पालथे पडले. मुलीने बिघडवलेली रायफल, त्यात हिचं नशीब आज चांगलं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. नाहीतर म्हातारा माणूस कशाला त्या सिमेंटवर पडेल? शिट्टी वाजली. अण्णांनी तीन गोळ्या मारल्या. जुना हात तो, काय सुंदर मारल्या. सगळे थांबून बघत होते.

थोरल्याने मोठ्या दुर्बिणीत बघितलं आणि तो बाजूला सरकला. मग अण्णांनी स्वतःच बघितलं. तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, काळ्या ठिपक्याच्या उजवीकडे. दोन बोटं.

अण्णांनी आणखी तीन मारल्या. त्याही तिथेच गेल्या, पहिल्यांच्या गळ्यात पडल्या. ज्याने सगळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाताला दोष दिला होता, त्याच्या हातून हे झालं होतं आणि त्याचा हात मुळीच हललेला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

धाकटी त्यांच्या पायाशी उभी होती. मागून बघताना तिला समोर निशाणाच्या चौकटीचे उभे खांब दिसत होते, आणि त्यांच्या अलीकडे अण्णांच्या हातातली रायफल. लाद्या कापणाऱ्या माणसाच्या डोळ्याला दोन रेघा एकत्र दिसल्या की तो तिसरं काही बघत नाही. दुर्बीण नळीच्या बरोबर डोक्यावर नव्हती. ती उजवीकडे झुकली होती. अण्णांची मान उजवीकडे झुकली होती, तिच्याबरोबर गाल, गालाबरोबर दस्ता आणि दस्त्याबरोबर अख्खी रायफल.

आता तिच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. दुर्बीण बसवताना अण्णा रायफल शिकंज्यात आवळून, पाणसळ लावून, अगदी सरळ बसवायचे. पण लावताना ती त्यांच्या मानेबरोबर कलायची. लांब मारायचं म्हणून नळी नेहमी किंचित वर रोखलेली असते. रायफल उजवीकडे कलली की ते वर रोखणं थोडं उजवीकडे वळतं आणि गोळीही उजवीकडे जाते. अण्णा घुंडी फिरवून तिला मधोमध ओढून आणायचे. त्यांच्यापुरतं ते बरोबर होतं. सरळ धरणाऱ्याच्या हातात मात्र तीच रायफल दोन बोटं डावीकडे मारायची. आणि अण्णांना फुली कधी तिरकी दिसलीच नाही, कारण डोकंही तिच्याबरोबरच तिरकं.

हे सगळं तोंडाने सांगून अण्णांना पटलं नसतं. तिला आपला बाप माहीत होता.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “ओळंबा द्या.”

ओळंबा मागितल्यावर अण्णांनी कधी का म्हणून विचारलेलं नव्हतं. त्यांनी पडल्या पडल्याच खिशात हात घातला आणि दिला. दोन शिट्ट्या झाल्या, सगळ्या रायफली उघड्या करून खाली ठेवल्या गेल्या, झेंडा वर गेला. ती शंभर मीटर चालत गेली आणि निशाणाशेजारच्या नंबराच्या काळ्या पाटीवर तो ओळंबा लटकावला. पांढरी जाड दोरी हलली, मग स्थिर झाली. ती परत आली, सगळे जण मागे आल्याची खात्री झाली आणि शिट्टी वाजली.

“मारू नका,” ती म्हणाली. “नुसतं दोरीकडे बघा.”

अण्णांनी डोळा लावला. त्यांना काय दिसत होतं ते तिला न बघताही कळत होतं. पांढरी दोरी सरळ खाली आलेली, आणि दुर्बिणीतली उभी रेघ तिला कापून तिरकी गेलेली. दोन रेघा. त्यांतली एक वाकडी होती. आणि ओळंब्याची दोरी वाकडी असते असं म्हणायला अण्णांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

त्यांनी रायफल फिरवून रेघ दोरीवर आणली. रेघ सरळ झाली, पण मान काही बरोबर आली नाही. डोळा दुर्बिणीवरून निसटला आणि पुढे सगळं काळं झालं. त्यांनी परत प्रयत्न केला. परत निसटला. मग त्यांनी रायफल उघडून खाली ठेवली आणि थोरल्याच्या हाताला धरून उठले.

लाद्या वाकड्या निघाल्या की अण्णा काय करायचे ते त्या शेडमधल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. त्यांच्या घरच्या लाद्या अण्णांनीच उखडलेल्या होत्या.

“गेल्या वर्षी,” अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “याच फळ्यासमोर मी म्हणालो होतो, की हिचा हात हलतो. हिचा हात हलत नव्हता. माझी मान कलते.”

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते धाकटीच जाणे. तिने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. तेवढ्यात थोरला एकदम खाकरला.

मी गेली कित्येक वर्षं दोन बोटं उजवीकडे नेम धरतोय, तो म्हणाला. त्याला वाटत होतं आपला डोळाच तिरका आहे. कुणाला सांगायची लाज वाटत होती. डॉक्टरकडेही जाऊन आला होता, डॉक्टरने डोळा ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं होतं. क्षणभर सगळे त्याच्याकडे आ वासून बघत राहिले आणि मग शेडमध्ये जो हशा पिकला, त्यात शिट्टीसुद्धा होते. धाकटी हसली नाही. तिने भावाच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. हे मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर, ती म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली, रडत रडत.

थोरल्याने आपली रायफल तिच्यापुढे केली, माझीपण लाव म्हणाला, आता मला मधोमध नेम धरायचं नव्याने शिकायला हवं. कुणीतरी विचारलं, अण्णा, आणि तुमची? अण्णा म्हणाले, माझी राहू दे, ती माझ्या मानेला लागलेली आहे. मग त्यांनी शर्टच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. हंगामाच्या सुरुवातीपासून ती तिथेच राहून गेली असावी, किंवा नेहमीच तिथे असायची, कुणी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ती धाकटीच्या हातात दिली.

“टोपण असं ठिपक्याविना ठेवायचं नसतं,” ते म्हणाले. “ज्याने लावली, त्याने ठिपका द्यायचा.”

धाकटीने बाटली उघडली. तो बारीक कुंचला, ती बारीक कड आणि सगळा क्लब भोवती. तिने टोपणाच्या कडेला एक ठिपका दिला, गोल, लाल, कुठे जरासाही ओघळला नाही. अण्णा वाकून बघत होते, मान कललेली.

“बघा हो,” ते शिट्टींना म्हणाले, “हात बघा हिचा.”